हॅरी व्हार्डन : हलक्या हाताचा खेळाडू

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. संसारात ती पुष्कळ ठिकाणी खरी ठरते. परंतु हातात लेखणी, हत्यार किंवा खेळाची काठी आली म्हणजे मूठ जितकी आवळावी तितके काम बिघडते, असा सर्व कारागिरांचा अनुभव आहे. पहिलीतले मूल पेन्सिल इतकी दाबून धरते की अक्षर तर वेडेवाकडे येतेच, पण चार ओळींतच बोटे दुखू लागतात. नवशिका सुतार हातोडीची मूठ जिवाच्या आकांताने धरतो आणि खिळा वाकवतो. जुना सुतार ती जणू सहज धरतो आणि तीन ठोक्यांत खिळा बसवतो. तारापूरच्या खाडीत पाग फेकणारा मच्छीमार पाहावा. ते जाळे त्याच्या बोटांतून योग्य क्षणी सुटते म्हणूनच पाण्यावर गोल पसरते. त्याने ते घट्ट धरून ठेवले तर गोळा होऊन पडेल व एकही मासा हाती लागणार नाही.

हे साधे सत्य ज्याने एका खेळात जगाला पटवून दिले, आणि पुढे ज्याचा स्वतःचाच हात त्याला सोडून गेला असताही ज्याने धीर सोडला नाही, अशा एका माळ्याच्या मुलाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. त्याचे नाव हॅरी व्हार्डन.

व्हार्डनचा खेळ गोल्फ. आपल्या बोईसर-पालघर भागातील मुलांना क्रिकेट, कबड्डी व विटीदांडू हे खेळ जितके परिचित आहेत तितका हा नाही. म्हणून त्याचे स्वरूप आधी सांगतो. विस्तीर्ण हिरव्या मैदानावर एकमेकांपासून दूर असे अठरा खळगे केलेले असतात. लांब दांडीच्या काठीने एक लहान, कठीण चेंडू टोलवीत टोलवीत क्रमाक्रमाने प्रत्येक खळग्यात घालावयाचा. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली व मुंबईचा १८४२ साली स्थापन झाला. ऐकावयास खेळ सोपा वाटतो. चेंडू स्थिर असतो, कोणी तो आपल्याकडे फेकीत नाही, कोणी आडवा येत नाही. तरी पण मोठमोठे बलवान पुरुष या स्थिर चेंडूपुढे हतबल झालेले दिसतात, कारण या खेळात माणसाचा प्रतिस्पर्धी बहुधा तो स्वतःच असतो.

इंग्लंड व फ्रान्स यांच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचे एक चिमुकले बेट आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात जी जर्सी गाय आली, तिचे मूळ घर हेच. या बेटावरील ग्रूव्हिल नावाच्या खेड्यात ९ मे १८७० रोजी हॅरीचा जन्म झाला. त्याचा बाप फिलिप हा बागेत माळीकाम करून कुटुंब पोशीत असे. घरात सहा मुलगे व दोन मुली. मिळकत बेताची आणि खाणारी तोंडे पुष्कळ, अशा घरात मुलांच्या वाट्याला खेळणी कोठून येणार? हॅरी सुमारे सात वर्षांचा असताना काही इंग्रज गृहस्थ त्या खेड्यात आले व त्यांनी समुद्रकाठच्या गावरानावर गोल्फचे मैदान आखण्यास सुरुवात केली. आपली मोकळी जागा हे परके लोक बळकावीत आहेत असे वाटून गावकरी प्रथम नाराज झाले. मुलांना मात्र त्यात एक लाभ दिसला. या गृहस्थांच्या काठ्यांचे ओझे वाहून नेण्यास मुले लागत, आणि त्याबद्दल चार पैसे मिळत. अशा मुलास कॅडी म्हणतात. हॅरी व त्याचे सवंगडी कॅडी झाले.

ओझे वाहता वाहता खेळण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होते. परंतु काठी विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि चेंडूही महाग. मग मुलांनी काय करावे? त्यांनी झाडाच्या कठीण लाकडाचा गट्टू कापून काठीचे डोके केले, लोखंडी सळई विस्तवात लाल करून त्यात भोक पाडले, आणि काटेरी झुडपाची सरळ फांदी सोलून ती त्यात घट्ट बसवली. चेंडूच्या जागी मोठ्या पांढऱ्या गोट्या घेतल्या. पन्नासेक पावलांवर एक, असे चार खळगे खणून आपले स्वतंत्र मैदान केले. दिवसा काम असे, म्हणून चांदण्या रात्री हा खेळ चाले. आपल्या खेड्यापाड्यांतील मुले बाभळीच्या फांदीचा दांडू करतात व लाकडाच्या फळीची बॅट करतात, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. साधने नाहीत म्हणून ज्याचा खेळ किंवा अभ्यास अडत नाही, त्याच्या अंगी काही तरी विशेष असते एवढे मात्र यावरून दिसते.

शाळेत हॅरीचे फारसे लक्ष नसे, आणि गरिबीमुळे बारा-तेरा वर्षांच्या सुमारासच त्याची शाळा सुटली. प्रथम घरकामाची व पुढे बागकामाची चाकरी त्याने केली. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो मेजर स्पॉफर्थ नावाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे माळी म्हणून राहिला. हे गृहस्थ गोल्फचे शोकीन होते. त्यांनी आपल्या या तरुण माळ्याला अधूनमधून बरोबर खेळावयास नेले, जुन्या काठ्या दिल्या, आणि हा खेळ सोडू नकोस, पुढे उपयोगी पडेल, असा सल्ला दिला. धन्याने चाकराच्या अंगचा गुण ओळखावा ही गोष्ट त्या काळी काय किंवा आज काय, सर्रास घडणारी नव्हे. एवढी संधी असूनही वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत हॅरीच्या वाट्याला खरा खेळ असा थोडाच आला. तो दिवसभर कुदळ चालवीत असे व सुटीच्या दिवशीच मैदानावर जात असे.

त्याचा धाकटा भाऊ टॉम हा आधी इंग्लंडात जाऊन धंदेवाईक खेळाडू झाला. एका सामन्यात टॉमला बक्षिसाची चांगली रक्कम मिळाल्याची बातमी घरी आली. तेव्हा हॅरीच्या मनात आले की, जे टॉमला साधले ते मला का साधू नये? गमतीची गोष्ट अशी की, पुढे हॅरी जगप्रसिद्ध झाला तरी बापाचे मत कायम होते. बक्षिसे हॅरी मिळवतो खरा, पण खेळ पाहावा तो टॉमचा, असे तो म्हातारा म्हणत असे. हॅरीने हे मत आपल्या पुस्तकात स्वतःच मोकळेपणाने नमूद करून ठेवले आहे. भावाभावांतील या निर्मळ चुरशीत मत्सराला जागा नव्हती.

१८९० साली हॅरीने जर्सी सोडली. त्याला पहिली नोकरी मिळाली ती यॉर्कशायरमधील रिपन येथे, स्टडली रॉयल नावाच्या जहागिरीतील मैदानावर. ही जहागीर कोणाची, हे वाचून आपल्या वाचकांस कौतुक वाटेल. १८८० ते १८८४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले आणि स्थानिक स्वराज्याचा पाया घालणारे लॉर्ड रिपन यांची ती मालमत्ता होती. तेथे नऊ खळग्यांचे मैदान राखणे, गवत कापणे, काठ्या दुरुस्त करणे आणि शिकू इच्छिणाऱ्यांस शिकवणे ही हॅरीची कामे. पुढच्याच वर्षी तो लँकेशायरमधील बरी या गावच्या क्लबात गेला, आणि १८९६ साली यॉर्कशायरमधील गँटन येथे. मधल्या काळात, १८९१ साली, त्याचा विवाह झाला. परंतु पहिले बाळ काही आठवड्यांचेच होऊन देवाघरी गेले. हे दुःख त्या दांपत्याच्या मनातून कधी गेले नाही.

आता त्याच्या खेळाकडे वळू. त्या काळचे बहुतेक खेळाडू काठी तळहातात घेऊन दहाही बोटांनी घट्ट आवळीत, व अंगातील सर्व बळ लावून टोला मारीत. दोन हात एकाच काठीवर असले तरी त्यांचे एकमत नसे. उजवा एकीकडे ओढी तर डावा दुसरीकडे. व्हार्डन काठी तळहातात न धरता बोटांत धरू लागला. डाव्या हाताचा अंगठा दांडीवर सरळ ठेवून त्यावर उजव्या हाताचा तळवा तो हलकेच ठेवी, आणि उजव्या हाताची करंगळी दांडीवर न ठेवता डाव्या हाताच्या तर्जनीवर चढवी. त्यामुळे दोन्ही हात एकमेकांत गुंतून एकाच हातासारखे चालत. ही रीत मूळ त्याची नव्हे. जॉनी लेडले हा स्कॉटिश हौशी खेळाडू त्याच्या आधीपासून अशीच काठी धरीत असे, आणि जे. एच. टेलर यानेही ती स्वीकारली होती. परंतु व्हार्डनने ती इतकी यशस्वी करून दाखवली व आपल्या लेखनातून इतकी समजावून दिली की जगाने तिला त्याचेच नाव दिले. आजही गोल्फ खेळणारे पुष्कळ लोक काठी धरतात ती व्हार्डनच्याच पद्धतीने.

या पद्धतीतील मर्म असे आहे. विद्यार्थ्यांनी ते स्वतःच्या हाताने ताडून पाहावे. एक हात पुढे करून मूठ होईल तितकी आवळावी आणि मनगट वरखाली हलवावे. मनगट लाकडासारखे ताठ झाल्याचे लगेच कळेल. आता मूठ सैल करावी. मनगट सहज फिरू लागेल. याचे कारण आपल्या शरीररचनेत आहे. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात, आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांकडे जातात. मूठ आवळली की त्या दोऱ्या ताणतात, मनगट जखडले जाते, तोच ताठरपणा कोपराकडे व खांद्याकडे चढत जातो. आणि टोल्यातील वेग तर मनगटातून यावयाचा असतो! चाबकाचा फटका जसा मुठीपासून सुरू होऊन टोकाला सर्वांत वेगवान होतो, तसाच काठीचा वेग खांद्यापासून हाताकडे, हातापासून मनगटाकडे व तेथून काठीच्या टोकाकडे वाढत जातो. मनगट जखडले की ही साखळी मध्येच तुटते. काठी व चेंडू यांची गाठ एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकीच पडते, असे आता मोजले गेले आहे. इतक्या अल्प काळात जोर करून काही साधत नाही. जे साधावयाचे ते आधीच्या वेगाने साधते. आजच्या नियमांप्रमाणे चेंडूचे वजनही सुमारे ४६ ग्रॅमच असते. एवढ्याशा चेंडूला पहिलवानाच्या पकडीची गरज ती काय?

तथापि, हलकी मूठ म्हणजे ढिली मूठ असा अर्थ कोणी करू नये. काठी हातात फिरली किंवा निसटली तर चेंडू भलतीकडेच जावयाचा. काठी वर जाताना उजव्या तळहाताची पकड आपोआप थोडी सैल होते, अंगठा व त्याजवळची बोटे मात्र तिला सांभाळून असतात, आणि काठी खाली येता येता बाकीचा हात पुन्हा आपल्या जागी येतो, असे व्हार्डनने शिकवले. ढिलेपणा नको आणि ताठरपणाही नको. पुढील पिढीतील सॅम स्नीड या अमेरिकन खेळाडूने तर काठी पाखराच्या पिलासारखी धरावी असे सांगितले. इतकी हलकी की पिलाला इजा होऊ नये, आणि इतकी जपून की ते उडून जाऊ नये. व्हार्डनचा खेळ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला त्यांना सर्वांत आश्चर्य वाटे ते याचेच. कोठे झटका नाही, कोठे ओढाताण नाही. काठी जणू स्वतःहून वर जाऊन खाली येत आहे, आणि चेंडू मात्र इतरांच्या पुढे जाऊन पडत आहे. सकाळी खेळताना उखडलेल्या गवताच्या खाचेत दुपारी त्याचा चेंडू नेमका तेथेच पडे, अशी एक आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. ती आख्यायिकाच समजावी. त्याचे खरे पराक्रम पुरेसे आहेत, त्यांस मीठमसाल्याची गरज नाही.

ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील सर्वांत जुनी स्पर्धा १८६० साली सुरू झाली. १८९६ साली म्यूरफील्ड येथे व्हार्डन व टेलर यांची बरोबरी झाली. टेलरने ही स्पर्धा लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. निकालासाठी पुन्हा छत्तीस खळगे खेळावे लागले, आणि त्यात व्हार्डनने चार टोल्यांनी विजय मिळवला. १८९८ साली प्रेस्टविक येथे व १८९९ साली सँडविच येथे त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. १९०० साली तो अमेरिकेस गेला, गावोगाव सामने खेळला, आणि शिकागोजवळ झालेली अमेरिकेची ओपन स्पर्धाही जिंकून आला. अमेरिकेत या खेळाची गोडी वाढवण्यास त्याचा हा प्रवास पुष्कळ कारण झाला. व्हार्डन, टेलर व जेम्स ब्रेड या तिघांना लोक त्रिमूर्ती म्हणू लागले. १८९४ ते १९१४ या काळात झालेल्या एकवीस स्पर्धांपैकी सोळा या तिघांनी आपसात वाटून घेतल्या, यावरून त्यांची योग्यता कळून येईल. एवढे असूनही हे तिघे एकमेकांचे स्नेही होते.

वैभवाच्या या शिखरावर असताना संकट आले. १९०३ साली प्रेस्टविक येथे व्हार्डनने चौथ्यांदा ओपन जिंकली. दुसरा क्रमांक त्याच्या भावाचा, टॉमचा, आला. परंतु त्या दिवशी हॅरीला उभे राहवत नव्हते. मैदानावर आपण कोसळून पडतो की काय असे त्याला वाटत होते. लवकरच निदान झाले, क्षय. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. रोगजंतूचा शोध १८८२ साली लागला होता, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडावयास १९४३ साल उजाडले. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार एवढाच उपाय. नॉरफोक परगण्यातील मंडस्ली येथील आरोग्यधामात त्याला ठेवण्यात आले. तेहतीस वर्षांचा, जगातील पहिल्या प्रतीचा खेळाडू खाटेवर पडून खिडकीतून आकाश पाहत दिवस काढू लागला.

तो बरा होऊन परतला, परंतु पूर्वीचा व्हार्डन परतला नाही. लांबचे टोले पूर्वीसारखेच सुंदर जात. पण खळग्याजवळ आल्यावर, हात-दीड हातावरून चेंडू हळूच आत ढकलावयाचा असे, तेव्हा त्याचा उजवा हात एकाएकी दचकल्यासारखा उडे. आजारात उजव्या हाताच्या मज्जातंतूस इजा झाली होती असे सांगतात. लहान मुलानेही सहज घालावा असा चेंडू चुकू लागला. आज या विकाराचा वैद्य व शास्त्रज्ञ अभ्यास करतात. त्यांच्या मते त्याचे मूळ काही जणांत मज्जासंस्थेच्या बिघाडात तर काही जणांत मनावरील ताणात असते. त्या काळी यास नावही नव्हते आणि समजून घेणारेही थोडे होते. ज्याने साऱ्या जगाला हात मोकळा ठेवावयास शिकवले, त्याचाच हात त्याच्या ताब्यात राहू नये, यापेक्षा कठोर परीक्षा कोणती?

येथे व्हार्डनचा मोठेपणा दिसून येतो. त्याने ही व्यथा लपवली नाही. आपल्या हाताला काय होते ते त्याने स्पष्ट लिहून ठेवले. लोक पाहत असताना चेंडू चुके, तरी तो काठी आपटीत नसे, मैदानाला किंवा नशिबाला बोल लावीत नसे. पुढच्या खळग्याकडे शांतपणे चालू लागे. १९०४ पासून १९१० पर्यंत सात वर्षे गेली आणि ओपन स्पर्धा इतरच जिंकीत राहिले. एकट्या ब्रेडनेच या काळात ती चार वेळा जिंकली. व्हार्डन संपला असे पुष्कळांनी ठरवून टाकले. आणि १९११ साली, एक्केचाळीस वर्षांचा असताना, सँडविच येथे फ्रान्सच्या आर्नो मॅसीशी बरोबरी करून व निकालाच्या खेळात त्यास हार मानावयास लावून व्हार्डनने पाचव्यांदा ओपन जिंकली.

त्याच १९११ साली आपल्याकडील एक खेळाडू इंग्लंडच्या मैदानांवर चमकत होता, याचे स्मरण येथे करणे उचित होईल. कोकणातील पाळवण गावच्या घराण्यातील पाळवणकर बाळू याने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचीही सुरुवात पुण्याच्या क्लबात मैदान झाडण्यापासून व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्यापासून झाली होती, आणि त्याचीही सारी विद्या बोटांत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्याला स्वकीयांच्याच हातून जे सोसावे लागले, ते व्हार्डनच्या वाट्यास आले नाही. तथापि दोघांनीही हाताच्या कौशल्याने बंद दारे ठोठावली, एवढे साम्य खरे.

१९१३ साली व्हार्डन पुन्हा अमेरिकेस गेला. ब्रुकलाइन येथील स्पर्धेत तो, ग्रूव्हिल या त्याच्याच गावचा टेड रे, व फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा एक अपरिचित मुलगा, अशा तिघांची बरोबरी झाली. विमेट त्याच मैदानावर पूर्वी कॅडी होता. व्हार्डन हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श. त्याच्या काठ्या वाहावयास दहा वर्षांचा एक पोरगा होता. दुसऱ्या दिवशी पावसाळी हवेत निकालाचा खेळ झाला. विमेटला बहात्तर, व्हार्डनला सत्त्याहत्तर व रेला अठ्ठ्याहत्तर टोले लागले. आपणांस पाहून शिकलेल्या मुलाकडून हरण्याचा प्रसंग कोणासही बोचणारा. व्हार्डनने पराजय मोकळ्या मनाने स्वीकारला. त्या मुलात आपलेच बालपण त्याला दिसले असेल, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९१४ साल उजाडले तेव्हा त्रिमूर्तीपैकी प्रत्येकाच्या नावावर पाच ओपन विजय होते. प्रेस्टविक येथे शेवटच्या दिवशी व्हार्डन व टेलर यांस बरोबरच खेळावे लागले. तीन फेऱ्यांनंतर टेलर दोन टोल्यांनी पुढे होता. लोकांची एवढी दाटी झाली होती की वाट काढणे कठीण. अखेर व्हार्डन तीन टोल्यांनी जिंकला. वय चव्वेचाळीस, छातीत रोगाचे व्रण, हातात दोष. तो त्याचा सहावा विजय. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, परंतु सहा वेळा ही स्पर्धा जिंकणारा दुसरा खेळाडू अद्याप झालेला नाही.

महायुद्धामुळे पाच वर्षे ही स्पर्धा झालीच नाही. १९२० साली, पन्नास वर्षांचा व्हार्डन अमेरिकेतील टोलेडो येथे पुन्हा एकदा अमेरिकन ओपन खेळावयास उतरला. शेवटच्या फेरीत तो चांगला पुढे होता. इतक्यात सरोवरावरून सोसाट्याचा वारा सुटला. थकलेल्या शरीराला तो वारा पेलवला नाही, आणि एका टोल्याने टेड रे जिंकला. या स्पर्धेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी धंदेवाईक खेळाडूस चाकर समजत, व क्लबाच्या मुख्य इमारतीत त्यांस पाऊल टाकू देत नसत. कपडे बदलणे, जेवणे, सारे बाहेर. टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने त्या वर्षी आपले दार सर्व खेळाडूंस उघडे केले. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबास एक भले मोठे घड्याळ कृतज्ञतेने भेट दिले. सन्मानाची भूक ही पोटाच्या भुकेहून कमी नसते, हे त्या घड्याळाने दाखवून दिले.

उतारवयात व्हार्डन लंडनच्या उत्तरेकडील साउथ हर्ट्स क्लबात शिकवीत राहिला. १९०३ पासून मरेपर्यंत तो त्या क्लबाशी जोडलेला होता. त्याने पुस्तके लिहिली. त्यांतील पहिले १९०५ साली प्रसिद्ध झाले. प्रकृती साथ देईना तरी शिकू इच्छिणाऱ्यास तो विन्मुख पाठवीत नसे. २० मार्च १९३७ रोजी तो निवर्तला आणि टॉटरिज येथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षापासून अमेरिकेत व इंग्लंडात उत्तम खेळाडूंस त्याच्या नावाचे पारितोषिक देण्यास सुरुवात झाली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी गोल्फच्या मैदानावर जाईल, कोणी जाणार नाही. परंतु परीक्षेच्या दालनात तर तुम्ही सर्वजण बसता. प्रश्नपत्रिका हाती आली की पहिल्याच प्रश्नाला बोटे लेखणीवर आवळतात, खांदे ताठ होतात, श्वास कोंडतो, आणि येत असलेले उत्तरही आठवत नाही. अशा वेळी क्षणभर लेखणी खाली ठेवावी, मूठ उघडून बोटे मोकळी करावी, व मग लिहू लागावे. वर्षभर केलेला अभ्यास तुमच्या हातात असतो. त्यास वाट द्यावी लागते एवढेच. क्रिकेटची बॅट, पेटीची सूरपट्टी, शिवणाची सुई किंवा बोईसरच्या कारखान्यातील यंत्राचा दांडा, काहीही हाती आले तरी हा नियम लागू पडतो. मात्र हलका हात आळशास मिळत नाही. व्हार्डनचा हात हलका झाला तो चांदण्या रात्री गोट्यांवर केलेल्या सरावाने.

पालकांसही या चरित्रात घेण्यासारखे आहे. मुलांचा हात आपण धरतो, तो प्रेमानेच. परंतु भीतीने तो इतका आवळू नये की मुलाला चालताच येऊ नये. आणि इतका सोडूही नये की तो रस्ता चुकावा. मेजर स्पॉफर्थने आपल्या माळ्याला कुदळीवर जखडून ठेवले असते तर जगाने व्हार्डन पाहिलाच नसता. रानात इस्राएल लोकांना रोजचा मान्ना रोज मिळत असे, आणि उद्याच्या भीतीने ज्यांनी तो साठवून ठेवला त्यांचा तो सडला, हे शास्त्रात आपण वाचतो. देवाची देणगी, मग ती धन असो, विद्या असो, खेळ असो वा आपले मूल असो, मोकळ्या बोटांनीच सांभाळावयाची असते. व्हार्डनला दिलेली देणगी अर्धी परत मागितली गेली, तेव्हाही त्याने मूठ वळली नाही. उरलेल्या अर्ध्यावर तो खेळत राहिला, आणि त्या उरलेल्या अर्ध्यावरच त्याने आपले शेवटचे दोन विजय मिळवले.